उसवलेल्या बाह्या

अहो, उसवून उसवून माणसानं उसवायचं तरी किती? तुम्हाला सांगते, माझा मुलगा शिंपी आहे, हात चांगला आहे त्याचा, अख्खी गल्ली त्याच्याकडे शिवते, पण बायकोला जुळं आहे हे कळलं आणि गड्याचं डोकं टेपातच अडकलं! सकाळी उठला की तिच्या पोटाला टेप. 'अगं, आणखी इंचभर वाढलीस.' आणि बसला मशीनवर, गाऊन सैल करायला. ती बिचारी म्हणायची, 'अहो, कंबर मोडून आलीये,' तर हा म्हणायचा, 'जुळं म्हटल्यावर व्हायचंच.' दम लागतो? 'जुळं म्हटल्यावर व्हायचंच.' रक्त कमी झालं, साखर वाढली, कुशीवर वळायचं तरी मला हाक मारायची पाळी... आणि याचं आपलं तेच. अरे, तुझ्या पोटात आहेत का दोन?

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, 'हे बघा, जुळ्यात बीपी चढतं, बाळं वेळेआधी येतात, काही वेगळं वाटलं तर लगेच यायचं.' हा मान डोलावतोय, आणि डोळे कुठे? बाईंच्या कोटावर. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणतो, 'आई, कॉलर वाकडी बसवलीये गं.'

मग आठव्या महिन्यात सूनबाई म्हणाली, 'बाह्या रुततायत.' झालं, याला काम मिळालं. बाहीत माया ठेवलेली होतीच. उसवली, सैल केली, इस्त्री फिरवून दिली. दुसऱ्या दिवशी परत रुतली. परत उसवली. वर मलाच ऐकवतो, 'बघ, जास्तीचं कापड आधीच ठेवलं होतं मी.' करा कौतुक! पुन्हा गाऊन मशीनवर चढला, तेव्हा ती पलंगावरून म्हणाली, 'डोकं फार दुखतंय हो... डोळ्यांपुढे चमकतंय.' हा मान खाली घालून, 'जुळं म्हटल्यावर...'

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. म्हटलं, 'अरे शहाण्या, पोट वाढतंय ते ठीक, पण बाह्या का घट्ट होतायत? बाळं काय दंडात राहतात?'

मशीन थांबलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी टेप न लावता बघितलं. तोंड सुजलेलं, बोटं फुगलेली. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. गाडीत तिचा हात धरून नुसता 'मी आहे ना, मी आहे ना' करत होता.

बीपी हे एवढं चढलेलं. बाई म्हणाल्या, 'आणखी उशीर झाला असता तर तिघांच्याही जिवावर बेतलं असतं.' लगेच ऑपरेशन. बाहेर बाकड्यावर हा ढसाढसा रडला, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडले. जीव आहे हो माझा त्या पोरीवर.

एक मुलगी, एक मुलगा. मूठभर नुसते. काही दिवस काचेच्या पेटीत होते, मग आले घरी. सूनबाईला अजून बीपीची गोळी चालू आहे, तिला झोप हवी, असं बाईंनी ठणकावून सांगितलंय. म्हणून ती झोपलीये. आणि तिची काळजी करून करून दमला म्हणून हाही झोपलाय, तिच्या शेजारी, तोंड उघडं टाकून. मग उरलं कोण? हे बघा, एक या खांद्यावर, एक त्या खांद्यावर... आत्ता कुठे डोळा लागलाय दोघांचा. मी जरा हलले की एक उठणार, एक उठलं की दुसरं उठणार, जुळं म्हटल्यावर ते व्हायचंच. पण मघापासून माझं नाक खाजतंय हो... पुढे बसलेल्यांपैकी कुणी येता का जरा, पावलं न वाजवता?