करंजीतली सुरमई

हसणार नसाल तर सांगतो. टेंभी नाक्याला राहणारी आमची नात मासा म्हटलं की नाक दाबते. तिला एकदा तरी सुरमई खायला घालायचीच म्हणून मी ती करंजीत लपवायचं ठरवलं. रसायनशास्त्रात डॉक्टरेट आहे माझी, तरी प्रत्येक करंजी तीन-तीनदा तपासत होतो. काटा राहिला तर? वास आला तर? कडा तेलात सुटल्या तर?

"अहो, करंज्या तळताय, स्फोटकं नव्हे," बायको म्हणाली.

दुपारी नात कोपरला आमच्या घरी आली. ताट बघताच तोंड वाकडं. "शी, करंजी! आबा, मला खोबरं अजिबात नाही आवडत."

याचा विचारच मी केला नव्हता. "अगं, खोबरं नाहीये त्यात."

"मग काय आहे?"

आता काय सांगणार? घाबरत म्हणालो, "मासा."

तिने करंजी फोडली, हुंगली. "वास नाही येत की!" मग आतली सुरमई वेचून खाल्ली, दुसरी करंजी फोडली, तिसरीही. रिकामी कवचं माझ्या ताटात ठेवत म्हणाली, "आबा, पुढच्या वेळी नुसता मासाच कर ना. हे वरचं कशाला?"

बायकोने नातीच्या ताटात उरलेली कवचंही माझ्याकडे सरकवली. "घ्या डॉक्टर, संपवा आता."