स्वयंपाकघरातला सूर्य

नाही, मी काय म्हणतो, त्या खडूनं तुमचं काय घोडं मारलं होतं? सांगा ना! हातात धरला की लिहायला लागतो, त्याला चार्जिंग नको, पासवर्ड नको, मोडला तर एकाचे दोन होतात! आणि तुम्हाला सांगतो, मी या हातानं, परकार नाही, दोरी नाही, एका झटक्यात फळ्यावर असा गोल काढायचो की मागच्या बाकावर झोपलेली पोरंसुद्धा उठून "ओऽऽ" करायची. भूगोल शिकवतो मी. म्हणजे शिकवायचो... म्हणजे अजूनही शिकवतोच, पण कुठे, ते विचारू नका. नाही, विचारा! विचारा, म्हणून तर सांगतोय!

तर आमच्या शाळेत आलं मिश्र वास्तव. काय? मिश्र वास्तव! मीही तुमच्यासारखाच आ वासून बघत होतो. म्हणजे असं की डोळ्यांवर एक चष्मा लावायचा, चष्मा म्हणायचं आपलं, वजनाला चांगला लोखंडी तवा आहे, आणि तो लावला की वर्ग खरा, बाकं खरी, नाक शिंकरणारी पोरं खरी, आणि त्यांच्या मधोमध खोटा सूर्य तरंगतोय! आणि सोबत एक रोबो. चार चाकं, वर दोन डोळे, पोटात स्पीकर. पोरांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, डबा. हा डबा फार गोड बोलतो हो. कुणी चुकलं, पडलं, रडलं, याचं एकच: "छान प्रयत्न! पुन्हा एकदा करून पाहूया!" मी जिन्यावरून घसरलो तेव्हाही हेच म्हणाला मेला.

खडूचं असं नसतं! खडू गप्प असतो.

मग आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. त्यांचा आवाज आधी साखरेत घोळून येतो. "सऽर, पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येतायत हं. त्यांना चष्म्यातून सूर्यमाला दाखवायची. तुम्हाला नसेल जमत तर तसं सांगा हं, भूगोल आपण कॉम्प्युटरच्या सरांना देऊ, तुम्ही आपले ऑफ तास घ्या." ऑफ तास! कळतंय का काय म्हणाल्या? जो शिक्षक आजारी पडेल त्याच्या वर्गावर जाऊन पोरं खिडकीतून खाली पडत नाहीत ना, एवढं बघत बसायचं! अहो, माझा भूगोल गेला तर माझ्याकडे उरतं काय? टक्कल आणि रक्तदाब! आणि जाणार कुणाकडे, तर त्या कॉम्प्युटरच्या सरांकडे! तो माणूस विषुववृत्ताला "ती मधली लाइन" म्हणतो हो! म्हटलं, जमतं! का नाही जमणार? घरी नेऊन सराव करतो!

इथंच माशी शिंकली.

घर दोन गल्ल्या सोडून. चष्मा पिशवीत, डबा मागून घरंगळत, असा पोचलो. बायको दारात. "हे काय आणलंत?" म्हटलं, सूर्यमाला. "ठेवा कुठेतरी, वाटेत नको." आता ठेवणार कुठे? बाहेरच्या खोलीत सासरे टीव्ही बघतात. बघतात म्हणजे टीव्ही त्यांच्याकडे बघतो, ते झोपतात, पण बंद केला की जागे होऊन म्हणतात, "बघतोय ना मी!" राहिलं स्वयंपाकघर. गेलो, चष्मा चढवला. चष्मा विचारतो, "ही तुमची वर्गखोली आहे का? सूर्यमाला इथे कायमची बसवू का?" आणि त्याला तोंडानं काही सांगायचं नसतं बरं का, हो असेल तर मान खालीवर, नाही असेल तर आडवी. मी आडवी हलवणार, हलवणारच होतो हो, तेवढ्यात बायको विचारते, "चहा टाकू का?"

आता तुम्हीच सांगा. चहाला कुणी आडवी मान हलवतं का?

मान गेली खालीवर, आणि चष्म्यानं तो होकार आपलाच धरला, हे मला कुठे ठाऊक! मी आपला समोर झळाळता सूर्य बघून हरखलो. सूर्य बरोब्बर शेगडीवर, पृथ्वी मिक्सरपाशी, गुरू फ्रिजसमोर, शनी मोरीवर, आणि नेपच्यून लांब, थेट न्हाणीघरात. आठवडाभर सराव! बायको फ्रिजकडे निघाली की मी ओरडायचो, "अगं, गुरूला धक्का लावू नकोस!" ती म्हणायची, "मला तो दिसत नाही, मी चुकवू कशी? आणि तो बाजूला झाला तर मला कोथिंबीर काढायचीय!"

खडूचं असं नसतं! खडू फ्रिजच्या आड येत नाही.

उजाडला तपासणीचा दिवस. साहेब आले, पोट पुढे, त्यामागे साहेब. मोठ्या बाई हसतायत, कॉम्प्युटरचे सर कोपऱ्यात हात चोळतायत, पोरांनी चष्मे लावले, साहेबांनी लावला, मी लावला, घसा खाकरला, म्हटलं, "बालमित्रांनो, हा पाहा सूर्य!"

कुठला सूर्य? अंधार... म्हणजे वर्ग दिसतोय, बाकं दिसतायत, सूर्याचा पत्ता नाही! मला दरदरून घाम. एक पोरगी म्हणते, "सर, नुसता बाण दिसतोय, भिंतीकडे." आणि डबा, तो एवढा वेळ गप्प होता, म्हणतो कसा, "सूर्यमाला सापडली! माझ्यामागे या!" आणि निघाला! वर्गाबाहेर, उतारावरून खाली, फाटकाबाहेर! रस्ता त्याला पाठ, मीच नेला होता ना रोज! मी ओरडतोय, "थांब रे! थांब!" पण पोरांना काय, शाळेबाहेर जायचं म्हटल्यावर विचारायलाच नको. अख्खा वर्ग रांगेत, डोळ्यांवर तवे, हात पुढे केलेले, पाठीमागे साहेब, त्यांच्यामागे मोठ्या बाई, मला दातओठ खात विचारतायत, "सर, आपण कुठे चाललोय?" मी काय सांगू? माझ्या स्वयंपाकघरात? कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला इस्त्री तशीच हातात धरून उभा. कुणाच्या तरी शर्टाची वाट लागली असणार.

दार उघडं. पोरं घुसली. आत बायको शेगडीपाशी, हातात डाव. एक पोरगा ओरडला, "बाई, हलू नका! तुम्ही सूर्यात आहात!" ती म्हणाली, "मी सूर्यात नाही, मी कामात आहे! चपला बाहेर काढा!" आणि काढल्या हो सगळ्यांनी, साहेबांनीसुद्धा! मग काय, एक जण मिक्सरला पृथ्वी समजून प्रदक्षिणा घालतोय, चार पोरी मोरीपाशी शनीची कडी मोजतायत, आणि डबा गेला सरळ न्हाणीघराच्या दाराशी, "नेपच्यून आत आहे!" ठक ठक ठक!

आत सासरे.

"कोण आहे?" साहेब दाराला तोंड लावून अदबीनं म्हणतात, "आम्हाला जरा नेपच्यून बघायचाय." आतून आवाज, "इथं तसलं कुणी नाही! मी एकटा आहे, साबण लावलाय!" डबा म्हणतो, "छान प्रयत्न! पुन्हा एकदा करून पाहूया!" सासरे कडाडले, "काय पुन्हा करून पाहूया? टॉवेल द्या आधी!"

खडूचं असं नसतं हो! खडूनं आजवर कुणाच्या सासऱ्याच्या अंघोळीत तोंड घातलंय?

मी भिंतीला टेकलो. म्हटलं, गेला. भूगोल गेला. आता फक्त ऑफ तास आणि खिडक्या. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, कबूल करून टाकावं सगळं. तोंड उघडलं, "साहेब, त्याचं असं झालं की..." तर साहेबांनी चष्मा काढला. त्यांचेही डोळे भरलेले! म्हणजे बायको कांदा चिरत होती, ते वेगळं. म्हणाले, "सर! शाळा घरात आणलीत तुम्ही! मला कुठल्याच शाळेनं आजवर शनी मोरीवर दाखवला नाही! इतर शाळांनाही बघू दे. हे कायमचं इथेच ठेवायचं ना?" मी मान आडवी हलवणार, शप्पथ सांगतो, हलवणारच होतो, तेवढ्यात मागून बायको विचारते...

बरोबर ओळखलंत. "सगळ्यांना चहा टाकू का?"

तर भूगोल वाचला. माझाच आहे. वर्ग भरतो आमच्या स्वयंपाकघरात, इतर शाळांची पोरंही येतात, सासरे अंघोळीला वेळापत्रक बघून जातात. पोरांना भाजू नये म्हणून शेगडी गेली बाल्कनीत, पाठोपाठ मिक्सर गेला, आम्हीही जेवायला तिकडेच.

आज सकाळी धीर करून बायकोला म्हटलं, त्या चष्म्याच्या कंपनीला फोन करतो, सूर्य आपल्या घरातून हलवा म्हणून सांगतो. तिनं बाल्कनीत वाऱ्यानं विझलेली शेगडी चौथ्यांदा पेटवली आणि वळून म्हणाली, "इतकी वर्षं पोरांना काय शिकवलंत हो? सूर्य हलतो का?"

म्हटलं, "नाही. तो असतो तिथेच असतो."

"मग फिरायचं कोणी?"

उचलला चहाचा कप आणि फिरलो, फ्रिजला वळसा घालून.