गल्लीच्या मधोमध रेघ

हाडांच्या दवाखान्यात थोरली आणि धाकटी, दोघी जावा पायाला प्लॅस्टर घालून बसल्या होत्या. शेजारचा रिक्षावाला स्वतःची पाठदुखी विसरून कान टवकारून ऐकत होता.

“अगं, तूही त्याच खड्ड्यात कशी पडलीस?”

“तुम्हालाच बघायला येत होते, जाऊबाई! तुमच्या आमदारांना सांगून बुजवून घ्या की तो.”

“ते म्हणतात, खड्डा पलीकडच्या मतदारसंघात येतो.”

“आमचेही तेच म्हणतात!”

“मामंजींच्या काळी अख्खी गल्ली एकाच मतदारसंघात होती. नव्याने आखताना मेल्यांनी बरोबर मधोमध रेघ मारली.”

“मग आता?”

“आता मीच निवडणुकीला उभी राहते.”

“आधी प्लॅस्टर तर निघू दे! आणि उभ्या राहणार कुठून?”

“खड्ड्यातूनच. दोन्हीकडची माणसं तिथं पडतात, मतंही पडतील.”