गरुडाच्या पिल्लाचं नाव

लालबागच्या बसथांब्यावर विशाखा रांगेत उभी होती. हातातल्या पिशवीत ताजे बांगडे होते. पुढे सत्तरीच्या एक काकी आणि त्यांच्या शेजारची एक तरुणी बोलत होत्या.

"काकी, आज बुधवार असून मासळीबाजारात दिसला नाहीत?"

"आमच्याकडे मासे बंद आहेत गं. गरुडाचं पिल्लू गेलं ना."

"ते मोबाइलवर दिसायचं ते? तुमच्या गावच्या झाडावर कॅमेरा लावलाय, त्या घरट्यातलं?"

"तेच. मान टाकून पडलं होतं. आई मासा आणून चोचीशी धरायची, पण ते तोंडच उघडेना. तेव्हापासून ह्यांच्या घशाखाली मासा उतरत नाही."

"काकांनी मासे सोडले? मालवणी माणसाने?"

"अगं, दिवसभर मोबाइल समोर धरून बसायचे. 'श्रीधर जेवला, श्रीधर झोपला,' असं मला स्वयंपाकघरात येऊन सांगायचे."

"गरुडाच्या पिल्लाचं नाव श्रीधर? काका पण ना!"

विशाखालाही हसू आलं.

"आमच्या पहिल्या मुलाचं ठरवलं होतं ते. बारशाआधीच गेला तो. हे दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. पुन्हा कधी विषय काढला नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांना ते नावसुद्धा आठवत नसेल."

"काकी..."

"चल, बस आली."

विशाखाने मासळीची पिशवी हळूच ओढणीआड घेतली.