वालाची फिल्म

हेमा : भावोजी, कात्री मांडीखाली दाबून बसलात म्हणून फिल्म आपोआप आखूड होणार आहे का? द्या बघू इकडे.

श्रीपाद : नाही देत. डोंबिवलीहून उन्हाची आलीस, आधी चहा घे.

हेमा : झाला, तोही दोनदा! अहो, संध्याकाळच्या आत फिल्मचा डबा मुंबईच्या कचेरीत पोचला नाही, तर महोत्सव हातचा गेला. देशोदेशीच्या, मुलांसाठीच्या शास्त्रीय फिल्मा तिकडे परदेशात जमायच्या, त्यात नौपाड्यातल्या मास्तरांची एक, आणि तुम्ही अर्ध्या मिनिटासाठी हटून बसलाय!

श्रीपाद : दहा मिनिटांच्या वर चालणार नाही म्हणाले, कबूल. पण काय कापायचं ते कचेरीतल्या त्या साहेबाने का ठरवावं? म्हणे, वाल रुजताना दाखवताय, मध्येच हा बांगड्यांचा हात कशाला?

हेमा : आता त्यात त्याचं काय चुकलं?

श्रीपाद : तुझ्या ताईचा हात आहे तो, हेमा.

हेमा : मला सांगताय? सरोजताई जाऊन दोन वर्षं झाली, अजून वाल भिजत घातले की माझे डोळे भरतात. म्हणूनच म्हणते, तेवढा तुकडा कापा आणि जपून ठेवा. प्रत ही एकच. बोटीने जायची, तिकडेच हरवली म्हणजे? हातही गेला ना मग.

श्रीपाद : हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

हेमा : बघा!

श्रीपाद : पहिल्या खेपेची गंमत तुला ठाऊक आहे ना? काचेच्या बशीत ओल्या फडक्यावर वाल मांडलेले, खिडकीत कॅमेरा. रोज शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर थोडं थोडं चित्र घ्यायचो. मोड असे झकास आले होते! शाळेतून आलो, जेवायला बसलो. पानात बिरडं. काय बिरडं झालं होतं म्हणून सांगू! आणखी दोनदा वाढून घेतलं.

हेमा : आणि मग खिडकीकडे गेलात.

श्रीपाद : बशी लख्ख घासून पालथी! मी ओरडलो, "अगं, माझी फिल्म कुठाय?" तर म्हणते कशी, "आत्ता दोनदा मागून खाल्लीत की!"

हेमा : ताईच ती! मोड आलेला वाल दिसला की सोलायला तिचे हात शिवशिवायचे. आमच्या माहेरी सगळ्यांचंच तसं.

श्रीपाद : पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला तिलाच राखणीला बसवली. पाणी शिंपडायला आली, कॅमेरा चालू, आणि बोलता बोलता एका वालाचं साल काढलंन! मी किंचाळलो, हात झटकन मागे. तेच ते अर्धं मिनिट.

हेमा : लावा ना एकदा. शाळेचा प्रोजेक्टर आहे तोवर बघून घेऊ.

(श्रीपादने खिडकी लावून घेतली. भिंतीवर आधी तो स्वतः आला, कोट घालून, हातात छडी. मग वाल. मग तो हात. श्रीपादला वाटलं, आता मसाल्याचा वास येईल.)

हेमा : अगंबाई, चोरी पकडल्यासारखा कसा पळाला बघा!

श्रीपाद : शाळेत दाखवली तेव्हा पोरं इथेच खदखदून हसली. नंतर विचारलं, वालाला मोड का येतात? एकूण एक हात वर.

हेमा : परदेशातल्या पोरांना कुठलं कळायला बिरडं?

श्रीपाद : खाऊ चोरणारा हात सगळ्या पोरांना कळतो गं. सरोज म्हणायचीच, "तुमची फिल्म जाईल हो आगबोटीतून. मला कधी बसवताय?"

हेमा : एकदा बोटीने रेवसला नेलं होतंत की.

श्रीपाद : ती लाँच! बोट म्हटलं की चिडायची. म्हणायची, "किनारा दिसेनासा होतो, ती बोट." पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. राहूनच गेलं बघ.

हेमा : भावोजी, कात्री कशाला काढलीत? नको असेल तर राहू दे. नाही धाडायची आपण.

श्रीपाद : धाडायची. सुरुवातीला तो कोटवाला मास्तर छडी घेऊन किती वेळ बोलतोय?

हेमा : असेल अर्धं मिनिट. पण अहो, तो तर तुमचा स्वतःचा... आनंद वकिलांचा कोट मागून आणलात, मिशा कातरून घेतल्यात!

श्रीपाद : मूकपटात कोण ऐकतंय त्याचं? धर हे टोक. घट्ट धर.

हेमा : आणि परत नाही आली तर?

श्रीपाद : मास्तर राहील की घरी. तिला जाऊ दे.

हेमा : बरं. डब्यावर काय लिहू?

श्रीपाद : पत्ता लिही. आणि खाली ठळक लिही, उन्हात ठेवू नये. तिला ऊन सोसत नाही.