पंखा जरा वाढव

केस वाढलेलेच नाहीत तुमचे. म्हणून विचारलं, दुसरं काही नाही. गेल्या आठवड्यात कोणीतरी कापलेत, आणि वाईट कापलेत, कानामागे पायरी पडलीय. मग आज इथे कशाला? अं? ‘सहज’? केस कापायला सहज कोणी येत नाही, सर. हो, सरच. दारातून आत आलात तेव्हाच ओळखलं मी. शाळेत नवीन आलात, जिन्याखालच्या खोलीत बसता, वर्गातून एकेका पोराला बोलावून नेता. आता माझ्या बहिणीला न्यायचंय. चिंगीला. बरोबर ना? मान हलवू नका, हातात कैची आहे. हो म्हणायचं तर तोंडानं म्हणा.

आणि तिकडे बाकड्याकडे बघू नका. पेपरामागे बसलेत ते माझे वडील, दुकान त्यांचं— झोपलेत. दुपारचा पेपर म्हणजे त्यांचं पांघरूण. त्यांनी परवा शाळेत येऊन तुम्हांला ऐकवलंच की— आमच्या घरात कुणाला काही झालेलं नाही, पोरगी आळशी आहे, दोन रट्टे दिले की येईल ठिकाणावर. मला दिले होते ना. आलो का ठिकाणावर? आलो की! हे काय, तुमच्या खुर्चीमागे उभा आहे. नववीत शाळा सोडून इथे उभा राहिलो तो अजून उभाच.

बरं, त्या तुमच्या खोलीला खिडकी आहे का? विचारतोय नुसतं. आणि कडी कुठून आहे, आतून की बाहेरून? हसताय काय? आमच्या वेळीही वेगळी खोली होती. ‘याच्याकडे आपण खास लक्ष देऊ,’ हेडमास्तर म्हणाले, माझ्या पाठीवर हात ठेवून— आई वेडी, आनंदानं रडली— आणि खास लक्ष म्हणजे काय, तर खेळाच्या सामानाची खोली. हवा गेलेले फुटबॉल, फाटकी जाळी, लंगडं टेबल आणि मी. म्हणे, शांतपणे वाच. काय वाच? पुढचा शब्द लावेपर्यंत मागचा ओल्या साबणासारखा हातातून निसटायचा. काल घासून घासून ओळख करून घेतलेला शब्द आज समोर आला की असा बघायचा, जसं कधी भेटलोच नाही. कोणी आत डोकावलं नाही. मास्तरांना चहा हवा झाला की मात्र माझी बरोबर आठवण यायची. एक दिवस गेलोच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी कोणी विचारायला आलं? छे. ‘आता चहा कोण आणणार’ एवढं बोलले असतील आपापसात. आता तुम्ही म्हणता, तुमची खोली तशी नाही. हेडमास्तर तरी कुठे म्हणाले होते तशी आहे म्हणून?

मान थोडी खाली घ्या. हां.

चिंगीचं मला ती पहिलीत असतानाच कळलं. पुस्तकाकडे बघायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायची. उत्तर तिथे मिळतं ना! मी कोणाला बोललो नाही. बोलून काय, नेऊन टाकतील जाळीत आणि फुटबॉलांत. मीच शिकवलं तिला. वाचायला नाही हो— मी कसलं वाचायला शिकवतो— लपायला. बाईंची नजर फिरत आली की पेन्सिल पाडायची. उंच पोरीच्या मागची जागा धरायची. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं. आणि धडे पाठ. ते कसे, ते नाही सांगणार, ते दुकानाचं गुपित आहे... बरं, सांगतो, आता लपवून राहिलंय काय! गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हातात चिंगीचं पुस्तक द्यायचं. ‘काका, जरा मोठ्यानं वाचा ना, डोक्याचं मालिश आपल्याकडून.’ कोण नाही म्हणतं? शाळा सुटल्यावर माणसाला ‘मोठ्यानं वाच’ म्हणणारं कोणी भेटतंच नाही, खूश होतात. बसचा ड्रायव्हर भूगोल असा वाचतो की प्रत्येक नदीला स्टॉप आहे. वकीलसाहेब कविता वाचतात ती कोणाला तरी आत टाकल्यासारखी. मोबाईल इथे, कंगव्यांच्या मागे, सगळं भरून घेतो. मग चिंगी ते कानाला लावून ऐकते, ऐकते, ऐकते— की पक्कं! पान कधी उलटायचं तेसुद्धा. अहो, डोकं आहे पोरीला! चौथीपर्यंत वाचनात ‘छान’ मिळालंय तिला, ‘छान’!

आणि मग ते पेन्शनर काका. खलाशाचा धडा. चांगले वाचत होते, रंगात आले होते, आणि मध्येच त्याच आवाजात, त्याच रंगात माझ्यावर खेकसले. मला काय माहीत पोरगी तेही पाठ करेल? वर्गात उभी राहिली, पुस्तक धरलं, पान बरोबर उलटलं, आणि— ‘खलाशी डोलकाठीवर चढला आणि ओरडला, जमीन कुठेच दिसत नाही! अरे, पंखा जरा वाढव की, केस चिकटतात मानेला! हे ऐकून कप्तान गंभीर झाला.’ थांबलीसुद्धा नाही. धड्यातलंच वाटलं तिला. उकडत असेल समुद्रावर एखाद्याला! हसा, हसा, तुम्हीही हसून घ्या. वर्ग हसला, बाई हसल्या, मग बाईंना वाटलं ही मुद्दाम करते, तर मधल्या सुट्टीपर्यंत बाकावर उभी. आता पोरं तिला ‘पंखा’ म्हणतात. तेव्हापासून शाळेत जात नाही ती. त्या पडद्यामागे बसून असते. मोबाईल पुढे केला की तोंड फिरवते. मी शिकवलेलं लपणंसुद्धा संपलं तिचं.

काय म्हणालात? परत म्हणा... बरोबर होतं? ऐकून शिकणं म्हणजे चोरी नाही? तुमच्या खोलीतही ऐकायचंच असतं— फक्त पुस्तक उघडं ठेवून, ऐकताना त्या त्या शब्दावर बोट ठेवून? रोज थोडं थोडं, आणि घरीही तसंच? आणि परीक्षेत प्रश्न कोणीतरी वाचून दाखवला तर चालतो, नियमात बसतं? थापा. थापाच असणार. आणि अक्षरं लागत नाहीत त्याला तो तुमचा शब्द, डिस्लेक्सिया— ज्याला तो झालाय त्याला निदान वाचता येईल असा तरी ठेवायचा. नाही सर, तुमचं काहीतरी काम असणार यात, पोरं गोळा करून दाखवायची असतील कोणाला तरी. कारण हे जर खरं असेल ना, असं सरळ, नियमात बसणारं, तर मग मला का कोणी— जाऊ दे. कल्ले किती ठेवू?

बाबांना पुन्हा विचारणार? विचारा. नाहीच म्हणतील. का म्हणजे? चिंगीला काहीतरी आहे म्हटलं की मलाही होतं, मला होतं म्हटलं की पुढचा प्रश्न— आलं कुठून? आई तर फाडफाड वाचते. तो पेपर बघताय ना? रोज सकाळी उघडतात, चष्मा लावतात, भुवया चढवतात, आणि गिऱ्हाईक आलं की त्यालाच विचारतात, ‘काय, आज काय विशेष?’ गल्लीला वाटतं केवढा वाचणारा माणूस! लहानपणी मला पट्टीनं मारायचे, वाच म्हणून. एकदा मी वैतागून पुस्तकात डोकं घातलं आणि मनाला येईल ते बडबडलो, कुत्रा, आगगाडी, काहीही— तर पट्टी खाली ठेवून म्हणाले, ‘हां! असं वाचावं!’ तेव्हा कळलं मला. नाही येत, सर. माझ्या बापाला अक्षर वाचता येत नाही. आणि मला मारलं ते कशासाठी, तर जे त्याला स्वतःला कधी—

थांबा.

पेपर खाली आला.

बाबा... तुम्ही जागे होता? नाही, मी आपलं सरांना— बाबा, तिला कशाला हाक मारताय? पडदा राहू द्या, ती नाही येणार बाहेर, त्या दिवसापासून तिनं... चप्पल घाल? कुठे जायचंय तिला? तुमच्याबरोबर? आत्ता?

सर, शाळा उघडी आहे का या वेळी?

मग उठा. कापड मी काढतो. डावी बाजू राहिलीय— राहू द्या तशीच, पोरांना तुमच्यावरही हसू दे जरा. मी येणार नाही, बाबा जातायत तिला घेऊन. आज बाबा. उद्यापासून मी, रोज, तुमच्या खोलीसमोरच्या पायरीवर बसून असणार, सांगून ठेवतो. निघा आता. आणि त्या खोलीचं दार उघडं ठेवायचं.