चावी फिरते, गाडी हलत नाही

...नाही नाही, हरवली म्हणू नका! हरवली असती तर मी सोसलं असतं, माणसाच्या हातून छत्र्या हरवतात, चष्मे हरवतात, चावीचं काय एवढं... पण आमच्या गाडीची चावी हरवली नव्हती हो, लपवली होती! आम्हीच! आणि इतकी छान लपवली की घरात एकालाही सापडेना. कोणापासून लपवली? अप्पांपासून, म्हणजे माझ्या वडिलांपासून. गाडी त्यांची, चावी त्यांची आणि चोर मी!

तुम्हाला सांगतो, त्याला कारण होतं. मागे एकदा अप्पा औषधं आणतो म्हणून गाडी घेऊन निघाले आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका चौकात जाऊन थांबले. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, आणि अप्पा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसलेले. पोलिसाचा फोन आला, मी रिक्षा करून पोचलो, खिडकीतून डोकं आत घातलं, म्हटलं, "अप्पा, काय झालं?" तर शांतपणे म्हणाले, "काही नाही. सिग्नल लागलाय." डोक्यावर हिरवा दिवा जळतोय! कुठे जायचं तेच आठवेना, पण बापाने मुलाला ते सांगावं कसं? मी म्हटलं, बरं.

डॉक्टर म्हणाले, "आता गाडी बंद." सांगायला त्यांचं काय जातंय! पण अप्पांना सांगणार कोण? क्लच झटक्यात सोडला की टपली मारून ज्यांनी मला गाडी शिकवली, त्यांना मी सांगू की तुम्ही चालवू नका? छातीच होईना. मग निघाला हा शहाणपणाचा मार्ग... कामावरून आलो की चावी लपवायची, सकाळी गुपचूप काढायची. मी ठेवत होतो कपाटात, टॉवेलांच्या खाली. मग जोडून सुट्ट्या आल्या, गाडी काढायची नव्हती, चावी तिथेच राहिली आणि बायकोला दिसली. "अहो, टॉवेल तर अप्पाही घेतात!" असं तिने मला म्हणायला हवं होतं ना? नाही. मनातल्या मनात म्हणाली, आणि चावी शिवणाच्या डब्यात हलवली. मला का सांगितलं नाही? तर म्हणे, "तुमच्या तोंडावर सगळं दिसतं." त्यातच राहायला आली माझी ताई. तिने बटण शोधायला डबा उघडला, चावी पाहिली, म्हणाली, अरे देवा, ही अशी उघड्यावर? आणि तिने ती माझ्या जुन्या बुटात सारली. तेही कोणाला न सांगता! आणि ते बूट बायकोने दुसऱ्या दिवशी कोणाला तरी देऊन टाकले. म्हणजे आमच्या गाडीची चावी आजमितीला कुणाच्या तरी पायात फिरतेय. मी म्हटलं, बरं.

तुम्ही म्हणाल, जादाची दुसरी चावी? होती ना! अप्पांच्या टेबलाच्या खणात असायची. ती केव्हाच दिसेनाशी झालेली, आणि आम्हा तिघांनाही वाटत होतं की उरलेल्या दोघांपैकी कोणीतरी लपवली असेल! विचारलं कोणी? कोणीच नाही. एकमेकांवर इतका विश्वास बरा नव्हे.

मग कंपनीच्या शोरूमला फोन. बाईंचा आवाज असा गोड, की ऐकूनच कळावं आपलं काम होणार नाही. "सर, हरवलेल्या चावीची कॉपी करायला दुसरी चावी घेऊन या." म्हटलं, दुसरीही हरवलीय. "मग सर, पहिली घेऊन या." मी म्हटलं, बरं.

शेवटी आणला एक चावीवाला, लॅपटॉपवाला. दाराच्या फटीत तार घालण्याआधी मला म्हणतो, "गाडी तुमचीच कशावरून?" म्हटलं, कागद आहेत. "दाखवा." म्हटलं, गाडीत आहेत. "मग आधी कागद, मग दार." अहो, आधी दार, मग कागद! आमचं हे चाललेलं, अख्खी बिल्डिंग गॅलरीत, आणि तेवढ्यात अप्पा खाली आले. इस्त्रीचा शर्ट, एक हात पँटच्या खिशात. म्हणाले, "गाडी माझ्या नावावर आहे." ओळखपत्रही आणलं होतं. चावीवाल्याने तोंड तिकडे वळवलं ते वळवलंच, त्या क्षणापासून मी म्हणजे रस्त्यावरचा खांब!

दार उघडलं, भोंगा बोंबलला, तो गप्प केला, कागदांवरचं नाव जुळवून पाहिलं. मग हा लॅपटॉप जोडून अप्पांना समजावतो कसा, "काका, पूर्वी चावी म्हणजे नुसता पत्रा होता. दात जुळले, गाडी पळाली. आता या प्लास्टिकच्या आत एक चिप असते, तांदळाएवढी. चावी फिरवली की गाडी चिपला विचारते, तू कोण? चिपने बरोबर उत्तर दिलं तरच इंजिन सुरू. आता तुमच्या जुन्या चाव्या कुठे पडल्यात माहीत नाही, उद्या कोणाला सापडल्या तर तो गाडी घेऊन जाईल. म्हणून त्यांची ओळख गाडीतून पुसायची."

अप्पांनी विचारलं, "पुसलेल्या चावीने काहीच होत नाही?"

"होतं ना काका. पत्रा तोच, म्हणून दार उघडतं. चावी फिरते, रेडिओ लागतो. फक्त इंजिन ऐकत नाही."

मी म्हटलं, म्हणजे घरात माझं आहे तसंच! कोणी हसलं नाही.

"मग काका, मालक तुम्ही. तुम्ही हो म्हणा. पुसू?"

अप्पांनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला काही कळलं नाही, काही वाटलंही नाही... हल्ली वाटतच नाही फारसं, जबडा बधिर करून दाताचा डॉक्टर विचारतो ना, दुखतंय का, तसं. खिशातला हात खिशातच ठेवून अप्पा म्हणाले, "पुसा."

नवी चावी झाली. मी ती दिवसभर कमरेला बांधून हिंडलो, आता लपवणं बंद! संध्याकाळी गॅलरीत चहा घेत उभा होतो, खाली पाहतो तो काय... गाडीत दिवा! ड्रायव्हरच्या सीटवर अप्पा! कमरेला हात लावला, चावी कमरेलाच. मग ते आत गेले कसे? चहा तसाच ठेवून जिने उतरत खाली धावलो. रेडिओवर बातम्या चाललेल्या, अप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि खाली लोंबतेय... जादाची चावी! खणातली! म्हणजे इतके दिवस ती त्यांच्याकडेच होती. म्हणजे हवी तेव्हा त्यांना गाडी काढता आली असती, पण काढली नाही. आणि सकाळी तो माणूस पुसू का विचारत होता, तेव्हा हीच चावी त्यांच्या मुठीत...

मी काय बोलायला हवं होतं? तुम्ही सांगा! माझ्या जागी बायको असती तर रडली असती, ताईने तरी पाठीवर हात ठेवला असता. मी आपला दाराशी उभा, हातपाय कोणा दुसऱ्याचे असावेत तसा. तेवढ्यात अप्पांनी पलीकडचं दार आतून उघडलं. "उभा काय राहिलायस? बस."

बसलो. समोर काय, तर पार्किंगची भिंत. तिच्याकडे अप्पा बघतायत, मी बघतोय. बातम्या संपल्या, हवामान झालं, गाणी लागली. वरून बायको ओरडतेय, "अहो, चहा निवला!" शेवटी मीच विचारलं, "अप्पा, निघायचं का?"

तर भिंतीवरची नजर न काढता म्हणाले, "कसं निघणार? सिग्नल लागलाय."

मी म्हटलं, बरं. आणि सीटबेल्ट लावला.